मामीच्या दोन रोवळ्या

पोलादपूरची एसटी महाडहून निघाली आणि बिरवाडीचा फाटा आला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या खिडकीकडे पाहिलं. तिथल्या भाड्याच्या खोलीत माझं बालपण गेलं. आई नाही आता, आणि मी कामाला निघाले होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी यीस्ट वाढवते. पीठ आंबवणाऱ्या यीस्टच्याच भाऊबंदांपैकी एक. कुडपणच्या मामीने ते पावसाळ्यात अर्ध्या भुईमुगावर फवारलं होतं; बुरशी थांबली का, ते पाहायला मी चालले होते.

पोलादपूरहून जीप. शेजारी बसलेल्या बाईच्या कोंबडीने घाटात माझ्या ओढणीवर प्रसाद दिला. "शकुन हाय गो," शेजारीण म्हणाली. झालं!

मामीने पडवीत दोन रोवळ्या (बांबूच्या टोपल्या) मांडल्या. फवारलेल्या शेंगा जवळपास स्वच्छ. दुसरीत न फवारलेल्या, त्यांवर हिरवट-पिवळी बुरशी.

"यीस्ट आधी जागा अडवतं, मग बुरशीला—"

"कळला गो. एसटीत रुमाल टाकतात तसा."

हेच समजावायला मला मीटिंगमध्ये अर्धा तास लागतो.

जेवायला नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. माझ्या ताटातली चटणी पांढरी, मामीच्या ताटातली काळपट. मी तिचं ताट ओढलं.

"दाणे धुतलेत, ऊन दावलंय. आमाला चालतं."

"बुरशी जाते मामी, विष राहतं. लिव्हर पोखरतं ते."

"तुझी आय जल्मभर हेच खायची."

मी हातातला घास ताटात ठेवला. आई शेंगा फोडायची, टपोरे दाणे आमच्या हातावर, सुरकुतलेले स्वतःच्या तोंडात. "मला कडूच आवडतात." आणि मी खरं मानायचे! ती लिव्हरच्याच दुखण्याने गेली. त्या दाण्यांमुळेच का, आता कोण सांगणार?

"टाकून दे हे."

"अन्न टाकतात होय?"

"मग मला दे. तपासायला."

"भाचीला कुजकं बांधून देऊ? लोक थुकतील तोंडावर!"

जीपचा हॉर्न वाजेपर्यंत भांडलो. शेवटी मामीने फुगलेल्या तोंडाने बुरशीच्या शेंगांनी पिशवी भरली. पुढच्या वर्षी सगळ्या शेतावर फवारायचं, हेही कबूल केलं.

पुण्यात पिशवी उघडली. वरचा थर टपोऱ्या, निवडक शेंगांचा! वाटेत कुणी डोकावलं तर अब्रू जायला नको. मी खो खो हसले आणि मग रडूच आलं. खालच्या बुरशीला चिकटून आलेल्या त्या चांगल्या शेंगाही खाता येणार नव्हत्या. तपासणी करून सगळ्या जाळल्या.

आईच्या वाटचे दाणे मी कधी मागितलेच नाहीत. मागितले असते तर तिनेही वर चांगले रचूनच दिले असते.