सरांची आठ-दोन-आठची गोळी

"चाचा, माधव सरांवाली गोळी द्या."

सकाळपासून हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकत होतो. समोर बारावीच्या दोन मुली, पाठीला सॅक, हातात घडी केलेला कागद. माझं मेडिकल लातुरात, क्लासेसच्या रस्त्यावर. डोकं दुखतं, झोप येते, झोप येत नाही, अशा तक्रारी घेऊन मुलं दिवसभर येतात. पण एखाद्या सरांच्या नावाची गोळी मी तोवर कधी विकली नव्हती.

"चिठ्ठी?" मी विचारलं.

तिनं कागद उलगडला. ती डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. वर लिहिलं होतं, 'सरांची दिनचर्या'.

माधव सर फिजिक्स शिकवायचे. दर नव्या बॅचला सांगायचे, "मी जसा जगतो तसं दोन वर्षं जगा, नंबर लागलाच समजा." मुलांनी ते अगदी मनावर घेतलं. सरांवर पाळत ठेवून वेळापत्रक केलं आणि हॉस्टेलच्या भिंतींवर चिकटवलं. पहाटे चारला उठणे. गार पाण्यानं आंघोळ. भात बंद. खाली पेननं नवी ओळ वाढवलेली: आठ, दोन, आठ, गुलाबी गोळी.

"कशाची गोळी आहे ही?"

"लक्षात राहायची."

"कोण म्हणालं?"

"सरांना सगळं पाठ आहे ना."

माझ्याकडे उत्तर होतं, पण देता येत नव्हतं. ती गोळी सरांना मीच दिली होती.

सरांचा पोटाचा त्रास जुना. रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण पोट फुगायचं आणि अचानक घाई लागायची. डॉक्टर याला आयबीएस म्हणतात. दर अर्ध्या तासाला सर "झेरॉक्स घेऊन येतो" म्हणून वर्गातून पळायचे. डॉक्टरांनी रिफॅक्झिमिन लिहून दिली, दिवसातून तीनदा, चौदा दिवस. हे अँटिबायोटिक आहे, पण घरकोंबडं. बहुतेक गोळ्या पोटातून रक्तात शिरतात आणि अंगभर हिंडतात. ही जवळजवळ सगळी आतड्यातच राहते, तिथल्या जंतूंवर काम करते आणि शौचावाटे निघून जाते. प्रवासात लागलेल्या जुलाबांवर देतात, लिव्हरच्या काही पेशंटना देतात. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर हिचं काम नाही. साइड इफेक्ट म्हणाल तर मळमळ, गॅस, पोट गच्च होणं, डोकेदुखी. कधीकधी लघवी तांबूस होते, कारण औषधाचा रंगच तसा. मी हे सगळं सरांना समजावलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "रविवारपर्यंत गुण येईल ना?"

रविवारी पालकांसाठी डेमो लेक्चर होतं. तीन तास, हॉल भरून पालक. समोरच्याच बिल्डिंगमध्ये बाहेरून आलेला मोठा क्लास उघडला होता. सर मधूनच एकदा जरी पळाले असते, तरी पालक रस्ता ओलांडून पलीकडे गेले असते.

मुलींना परत पाठवून मी सरांना फोन लावला.

"सर, पोरं तुमची गोळी मागून राहिलीत."

"तुम्ही काही बोललात काय, रहीमभाई?"

"मी कशाला बोलू? तुम्हीच घड्याळ बघून फळ्यासमोर गिळता."

"व्हिटॅमिन आहे म्हणा."

"व्हिटॅमिन म्हटलं तर डबेच्या डबे संपवतील."

"मग पोटाची म्हणू नका, बस. रविवारपर्यंत. हात जोडतो."

गिऱ्हाइकाचं दुखणं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. गोळीचं खरं काम सांगितलं की सरांचं पोट चव्हाट्यावर. दुसरा नियम मी त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी शिकलो. तेव्हा मी नुकताच पास झालो होतो आणि मदतीच्या औषधांची खोकी फोडायच्या कामावर होतो. रांगेतल्या प्रत्येकाला शेजाऱ्याला मिळाली तीच गोळी हवी असायची. तेव्हापासून माझ्याकडे चिठ्ठी नाही तर गोळी नाही. म्हणून मी गप्प बसलो, आणि एकही गोळी विकली नाही. मला वाटलं, विषय संपला.

पण कुणाच्या तरी मामाचं नांदेडला मेडिकल होतं. शुक्रवारी हॉस्टेलवर अख्खा डबा आला.

शनिवारी क्लासच्या बंद एसी हॉलमध्ये टेस्ट होती. अकरा वाजता क्लासचे सुपरवायझर धापा टाकत दुकानात आले.

"रूम फ्रेशनर आहे?"

"किती देऊ?"

"आहेत तेवढे द्या. दारं-खिडक्या उघडून पेपर घेऊन राहिलो."

मला हसू आलं. संध्याकाळी ते पळालं. अर्धापूरच्या शांताबाई मुलीला भेटायला आल्या होत्या, त्या मुलीचा हात धरून दुकानात शिरल्या. दुसऱ्या हातात केळ्यांची फणी. मुलगी रडत होती.

"चाचा, पोरीला लाल लघवी होऊन राहिली. किडनी गेली म्हनती."

"ताप? जळजळ?"

"न्हाई."

"गोळी खाल्ली?"

मुलीनं मान हलवली. "सरांवाली. सहा."

मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. तासाभरानं दोघी परत आल्या. लघवी तपासली, काही दोष नाही, नुसता रंग. गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. शांताबाईंनी फणी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "पन ही गोळी हाय तरी कशाची?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. हॉस्टेलवर डबा अजून उघडाच होता.

"पोटाची," मी म्हणालो. "अँटिबायोटिक आहे. डोक्याशी काही संबंध नाही. उगाच खाल्ली तर जंतू निर्ढावतात, मग खरी गरज पडेल तेव्हा गोळी चालत नाही. सगळ्या पोरींना आजच बंद करायला सांगा."

शांताबाई काउंटरवर वाकल्या. "म्हंजी सरांचं..."

"मी सरांचं नाव घेतलं नाही."

"हाव, न्हाईच घेतलं तुमी," त्या म्हणाल्या आणि पोरीला घेऊन गेल्या.

रविवारी शटर ओढून मी हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. सर रंगात आले होते. दीड तास झाला, दोन झाले, तीन झाले. एकदाही झेरॉक्स नाही. टाळ्या पडल्या. सर घाम पुसत म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?"

शांताबाई उभ्या राहिल्या.

"सर, माझी पोरगी तुमच्यावानी चारला उठती. भात सोडला. तुमची गोळी बी खाल्ली, तर तिला लाल लघवी झाली. तुमाला बी होती का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली, खरं सांगतो. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"होते," ते म्हणाले. "थोडी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, पोट, घाई, डॉक्टर, चौदा दिवस. मधल्या रांगेतून एका मुलानं विचारलं, "म्हणजे सर, ते झेरॉक्स..."

"झेरॉक्स कधीच नव्हत्या रे."

हॉलमध्ये हशा फुटला. हसता हसता लोकांनी बाकं बडवली. सरांनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, "आज मी तीन तास इथं उभा राहू शकलो, ते या गोळीमुळं. तुम्हाला तीन तास बसता येतं, मग तुम्हाला ती कशाला?"

रस्ता ओलांडून कुणी गेलं नाही. बाहेर पडताना शांताबाई मला म्हणाल्या, "सर खोटं बोलले असते तर आजच पोरीला घेऊन गेले असते." त्यांच्या मागं सात-आठ मुलांचे वडील माझ्याभोवती जमले. कुणाला प्रवेशाचं विचारायचं नव्हतं. "आमाला बी घाई लागती," म्हणाले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, आधी डॉक्टरांची चिठ्ठी.

पुढच्या आठवड्यात दिनचर्येचा नवा कागद भिंतीवर लागला. गोळीची ओळ होतीच, फक्त बदललेली: आठ, दोन, आठ, सरांनी गोळी घेतली का ते विचारणे. आणि मुलं खरंच विचारायची. दुपारी दोनला भर वर्गात, रात्री आठला फोनवर, आळीपाळीनं. सरांचा चौदा दिवसांत एकही डोस चुकला नाही.

अँटिबायोटिक मधेच सोडू नका, सांगितले तितके दिवस घ्या, हे मी आयुष्यभर काउंटरवरून सांगत आलो. कुणी ऐकत नाही. मागं अख्खी बॅच लावली की ऐकतात.