मागच्या सीटखालचा वास

ती गाडी ट्रकवर चढवून आणली होती. भंडाऱ्याच्या बाहेर, महामार्गाला लागून, गाड्या धुऊन चमकवण्याचे दुकान आहे, तिथे मी काम करते. दिवसाला पाच-सहा गाड्या येतात, पण ट्रकवर बसून आलेली ती पहिलीच. काळी, लांबरुंद, परदेशी. सिहोऱ्याकडच्या एका राइस मिलच्या शेठची. दोन वर्षे ती मिलच्या शेडमध्ये कोंड्याच्या ढिगाजवळ उभी होती. चारही चाके बसलेली. छतावर कबुतरांच्या घाणीचा थर इतका जाड, की खाली काळा रंग आहे हे दारावरूनच कळत होते.

शेठच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि नवरी याच गाडीतून घरी आणायची होती.

दुकान ज्याचे आहे त्याला सगळे उस्ताद म्हणतात. नागपूरला काम शिकून आलेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याने गाडीचे मागचे दार उघडले, लगेच लावले, आणि मला हाक मारली.

"काकू, इकडे या. बाहेरचं आम्ही पाहतो. आतलं तुमी करा. वास गेला पायजे. गेला, तर यापुढं आतलं सगळं काम तुमचं. नाई गेला, तर मंग मॅट हायेतच."

तीन वर्षे मी दुकानाच्या मागे बसून पायाखालची मॅट आणि फडकी धूत होते. नालीच्या काठाला, उन्हात. आतल्या कामाला सावली असते, व्हॅक्यूम असतो, बसायला स्टूल असते. मला ते काम हवे होते. पण मागता येत नव्हते. मला चौघांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हासुद्धा उत्तर येत असून कधी हात वर केला नाही. त्या दिवशीही मी नुसती मान हलवली.

दार उघडले आणि तोंडावर गरम, आंबट वाफ आली. सीट खऱ्या चामड्याच्या होत्या म्हणे. त्यांच्यावर हिरवी-पांढरी बुरशी उगवली होती, शिळ्या भाकरीवर उगवते तशी. एसीच्या जाळीमागे उंदराचे घर होते. कोंडा, कापसाचे धागे, लग्नपत्रिकांचे तुकडे, आणि त्यात चार पिल्ले, वाळून शेंगेसारखी झालेली. मी ती कागदात गुंडाळून टाकली आणि दोन घोट पाणी प्यायले. तरीही उंदरांचा मला फार राग आला नाही. उंदरांना कोणी ती गाडी विकत घेऊन दिली नव्हती.

किळस आली ती माणसांची. ड्रायव्हरच्या दाराच्या खणात खर्र्याची, तंबाखू-सुपारीची, थुंकी होती. एकदा थुंकलेली नाही, रोज थुंकलेली. थरावर थर बसून तिचा गुळासारखा खडा झाला होता. मी तो प्लास्टिकच्या चमच्याने खरवडून काढला. खर्र्याच्या पन्न्या सीटच्या फटीत कोंबलेल्या, मोजल्या नाहीत, घमेले भरले. मागे लेकराने कधी तरी ओकले होते, ते न पुसता त्यावर टॉवेल टाकून दिला होता, आणि तो टॉवेल आता गालिच्याचाच झाला होता. दोन्ही सीटच्या मधल्या डब्यात एक हातरुमाल निघाला, गाठ मारलेला. मला वाटले देवाचा प्रसाद असेल. सोडला तर आत कापलेली नखे. पायाचीही होती. इतक्या मोठ्या गाडीत बसून एक माणूस नखे कापतो आणि काच खाली करून फेकायचीही तसदी घेत नाही, बांधून ठेवतो. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही, तसाच घरी नेला.

बाहेर पॉलिशवाला मशीन फिरवत होता. त्याच्या तोंडाला काही धरबंद नाही. कबुतरांच्या घाणीने छताचा रंग खाल्ला होता, तो घासता घासता मला ओरडून विचारी, "काय वो वहिनी, आत जिवंत हाय का?" त्याची बाजू दर दिवशी जास्त काळी, जास्त चमकदार होत होती. पिवळे पडलेले दिवे स्वच्छ झाले. उस्तादाने बॅटरी बदलली तर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. उस्तादाला नवल वाटले. वायरिंग जळले म्हणून गाडी उभी ठेवली, असे शेठने त्याला सांगितले होते.

सीटवरची बुरशी तीनदा पुसली, चामड्याला तेल लावले, छताचे कापड हलक्या हाताने धुतले. बाकीचे सगळे वास एकेक करून गेले आणि त्यांच्याखालून एक वास वर आला. मी मागच्या सीटला नाक लावले आणि मला कळले. मासोळी. नुसती मासोळी नाही, तलावाच्या गाळाचे पाणी, पोत्यातून गळलेले, खाली मुरलेले आणि सडलेले. मला कळणार नाही तर कोणाला कळेल? आमच्या घरी तीन पिढ्या तलावावर जाळे टाकतात. माझे सासरेही टाकत, माझे घरचेही टाकतात.

आणि म्हणूनच मी बोलले नाही. एकदा माझा जेवणाचा डबा उघडा राहिला होता तर पॉलिशवाला नाक धरून सगळ्या दुकानात नाचला होता, "वहिनीनं तलाव आणला रे!" मासोळी हा शब्द माझ्या तोंडून निघाला असता तर ती माझीच झाली असती. उस्तादाने मागची सीट काढायची नाही असे सांगितले होते, खाली वायरी असतात म्हणून. मला तेवढे निमित्त पुरले. मी वरून सोडा टाकला, व्हिनेगर टाकले, कोळसा ठेवला, शेवटी सुगंधी धूर सोडला. दार उघडल्यावर गुलाबाचा वास आला. उस्ताद म्हणाला, "वा काकू! नवी करून टाकली." मी खाली पाहिले. त्याला वाटले लाजले.

गाडी गेली. चार दिवसांनी दुपारी परत आली. काचा खाली, आणि शेठीण मागे बसून पदराने नाक दाबून. शेठ स्वतः चालवत होता.

"हे का केलं तुमी?" शेठीण उतरताच म्हणाली. "उन्हात उभी ठेवली अन् उघडली तं असा भपकारा! मेलेलं काई ठेवलं का आत? अन् मासोळीचाच वास हाय हा. आमच्या घरी सासऱ्यानं माळ घातली तवापासून अंडंसुद्धा नाई येत."

"नाई मॅडम, आम्ही तं..." उस्ताद म्हणाला.

"आत कोण काम करत होतं?"

 पॉलिशवाल्याने मशीन बंद करून सांगितले, "वहिनी. त्यांच्या घरी तलावाचाच धंदा हाय जी."

शेठिणीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "मंग झालं. बाईच्या अंगाचा वास गाडीले लागला. अशा बाईले आत बसवाच कायले?"

 शेठ गाडीच्या टायरकडे पाहत होता. उस्ताद म्हणाला, "काकू?" एवढेच. मला माहीत होते तो काय विचारतो आहे. गप्प बसले असते तर दुसऱ्या दिवशी मॅट. कदाचित मॅटही नाही.

 मी गाडीत शिरले, मागच्या सीटखाली हात घातला आणि जोर लावून सीट वर ओढली. कट् कट् आवाज करून ती सुटली. "वायरी!" उस्ताद ओरडला. मी गालिचा उचलला. त्याच्या खाली जाड फोम असतो. तो मधोमध काळा, चिकट झाला होता. मी एक कोपरा फाडून बाहेर आणला आणि शेठिणीसमोर, फरशीवर ठेवला. वास असा उसळला की पॉलिशवाला दोन पावले मागे गेला. काळ्या चिकटात रुपयाएवढे खवले चमकत होते, आणि पोत्याचे धागे.

"हा दोन वरसाचा वास हाय जी," मी म्हणाले. माझाच आवाज मला बारीक वाटला. "माझ्या अंगाचा नाई."

"अरे बापा," शेठ घाईने म्हणाला, "त्या जुन्या ड्रायव्हरनं नेली असन. म्हणून तं काढला त्याले."

इथे मी गप्प बसले असते तरी चालले असते. माझ्यावरचा आळ गेला होता. पण तो माणूस दुसऱ्याचे नाव पुढे ढकलत होता, जसे दोन मिनिटांपूर्वी त्याने माझे ढकलू दिले होते, आणि मला त्या नखांच्या रुमालाची आठवण झाली.

"नाई जी," मी म्हणाले. "खवल्याचा आकार पाहा. एवढी मोठी मासोळी, ओल्या पोत्यात. तलाव आटवला का पहिल्या जाळ्यातली सगळ्यात मोठी मासोळी मानाच्या घरची असते. तिले ओल्या पोत्यात बांधून देतेत. ते पोतं ड्रायव्हरच्या हाती नाई देत. मानकऱ्याच्याच हाती देतेत, गावासमोर. अन् तिकडं मान तुमच्याच घरचा."

 महामार्गावरून एक ट्रक गेला. शेठीण नवऱ्याकडे वळली.

"वायरिंग," ती म्हणाली. "दोन वरस तुमी मले वायरिंग सांगून राहिले?"

"फारमवर नेली होती. घरी कुठं आणली?" शेठ पुटपुटला. "मान हाय, नाई कसं म्हणाव?"

"अन् खाल्ली कोणं?"

शेठ पुन्हा टायरकडे पाहू लागला.  घरची माळ, गावचा मान आणि माझे अंग, तिन्ही एका फोमच्या तुकड्यात. शेठीण उस्तादाला बाजूला घेऊन गेली आणि मला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाली, "धुऊन द्या. पण दुसऱ्याच्या हातानं. ही बाई नको." उस्ताद म्हणाला, "हो मॅडम." दोघे रिक्षाने गेले, एकाच रिक्षाने, पण तोंडे दोन बाजूंना.

ते दिसेनासे झाल्यावर उस्ताद माझ्याजवळ आला. "धुवा काकू. त्यायले का समजते कोणं धुतलं?"

त्याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या थुंकीच्या खड्याचीही आली नव्हती. मी हातमोजे काढून स्टुलावर ठेवले. "मी नाई धूत. मॅट देऊन द्या मले."

मी मागे जाऊन बसले. त्यांनी दोघांनी फोम काढायला घेतला. थोड्या वेळाने पॉलिशवाला भिंतीपाशी जाऊन ओकला. मग पुन्हा गेला, पुन्हा ओकला. उस्तादाने गरम पाणी ओतले, तर सगळे दुकान असे घाण मारू लागले की शेजारचा चहावाला येऊन शिव्या देऊन गेला. गरम पाण्याने तो वास आणखी बसतो. मला माहीत होते. मी सांगितले नाही.

संध्याकाळी उस्ताद आला, दंडाला नाक पुसत. "काकू, लगन चार दिवसावर हाय."

"मॅडमले फोन लावा," मी म्हणाले. "काकूच धुते म्हणून सांगा. मंग धुते."

त्याने खिशातून फोन काढला. मग लावला. "हो मॅडम... नाई, जमत नाई आमाले... हो जी, त्याच... त्याच काकू." पलीकडे काय बोलणे झाले ते मला कळले नाही. फोन ठेवून त्याने होकाराची मान हलवली.

मी जुना फोम फेकायला लावला, नवा आणवला. खालचा पत्रा थंड पाण्याने, चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासला, घरी आम्ही टोपली घासतो तसा. तीन दिवस दारे उघडी ठेवून वाळवली. नवरी त्याच गाडीतून गेली, असे ऐकले.

तेव्हापासून आतले काम माझे आहे. गाडी आली की मालक समोर उभा असतानाच मी आत डोके घालते, वास घेते आणि मोठ्याने सांगते. खर्रा. ओकारी. आंबलेले दूध. बोलायला अजूनही जड जाते, पण बोलते. परवा एक साहेब आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. म्हणाले, "बस थोडी धूळ हाय, बाकी काई नाई." मी डोके बाहेर काढले आणि म्हणाले, "मुताचा वास हाय जी. ड्रायव्हरच्या सीटले." साहेब रस्त्याकडे पाहू लागले. उस्तादाने वहीत लिहून घेतले, आणि मी हातमोजे चढवले.