धामणगावच्या रस्त्यावरची जीप

दसऱ्याच्या बाजारात झेंडूचा उग्र वास आला की मला धामणगाव-अमरावती रस्त्यावरची ती दुपार आठवते. मी नुकतीच गाडी शिकले होते. वाटेत हात दाखवणाऱ्या एका म्हातारीला फुलांच्या टोपलीसकट मागे बसवलं होतं.

थोड्याच वेळात एक जीप मागे लागली. पुढे जाऊन वाट अडवायची, नाहीतर शेजारी येऊन आम्हाला कडेला दाबायची. आतले दोघं हसत होते. दोन्हीकडे नुसती तूर, रस्त्यावर दुसरं कोणी नाही. मी वेग कमी करू लागले.

“भेऊ नको माय,” म्हातारी मागून म्हणाली. “गाडी थांबवू नको.”

तिच्या गावचा फाटा आला. मी विचारलं, “आजी, तुम्हाला उतरायचं ना?”

“तुले एकटीले कशी सोडू?”

अमरावतीची वर्दळ लागली, तशी जीप वळून गेली. बसस्टँडवर म्हातारी उतरली आणि पायरीवरच बसली.

“मलेही लय भेव लागलं होतं,” ती म्हणाली.

मला तेव्हा फक्त माझं घर दिसत होतं. तिला साधं पाणीही न विचारता मी निघून आले.