मालनबाईंचा राग

मालनबाई सोनकांबळे यांना राग येत नाही. हे काही त्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही; ती एक अडचणच आहे. हैदराबादच्या मलकपेठेतला रिक्षावाला वाटेल ते भाडं मागतो तेव्हा त्या "बरं" म्हणतात आणि वर त्याच्या पोराबाळांची चौकशी करतात. यजमान श्रीपतराव रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून घरभर वर्तमानपत्रं पसरून बसतात, तरी बाई हूं की चूं करत नाहीत. आणि याच बाईंचा आवाज कानावर पडला की नांदेड-लातूरकडच्या कितीतरी सुना स्वयंपाकघरात जागच्या जागी दचकतात.

कारण मालनबाई सासू आहेत. टीव्हीवरच्या. एक तेलुगू मालिका मराठीत येते, तिच्यातल्या दागिन्यांनी मढलेल्या सासूच्या तोंडून निघतो तो आवाज आपल्या मालनबाईंचा. भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्यांना बुद्धवंदना म्हणताना एका ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ऐकलं आणि चिक्कडपल्लीतल्या एका गल्लीत, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलेल्या स्टुडिओत नेऊन उभं केलं. बुद्धवंदनेवरून थेट सुनेच्या छळावर! पण आवाज भरदार, शब्द स्वच्छ. चपखल बसला.

अडलं ते रागापाशी. 'चालती हो माझ्या घरातून!' हे वाक्य मालनबाई असं म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढे 'पण चहा घेऊन जा' येणार. सुरुवातीला सगळा स्टुडिओ डोक्याला हात लावून बसला होता. तोडगा काढला तो शर्वरीने.

शर्वरी म्हणजे मालिकेतल्या सुनेचा आवाज. पुण्याची. नवरा हेमंत कंपनीच्या कामासाठी हैदराबादला आला आणि ही त्याच्यामागून आली. नव्या गावात दिवसभर भिंतींशी बोलून बोलून कंटाळली, तेव्हा डबिंगकडे वळली. हल्ली प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा भरून घेतात; सासूने सोमवारी भांडायचं, सुनेने गुरुवारी रडायचं. शर्वरी म्हणाली, "काकू, मी समोर उभी राहते. तुम्ही मला बोला."

मालनबाईंना ते आणखीच अवघड वाटलं. समोर सोन्यासारखी पोर, तिला टाकून कसं बोलायचं? तेव्हा शर्वरीने त्यांचा हात हातात घेतला. "मला लागलं तर मी हात दाबेन. मग थांबा."

काय सांगावं, हात हातात आला आणि मालनबाईंना असं काही बळ चढलं, की पलीकडच्या खोलीतला चहावाला कपबशी घेऊन दारातच थबकला. तोंडाने काही का म्हणेना, हात सांगत होताच की हे खरं नाही. तेव्हापासून चार वर्षं या सासूने या सुनेला हात धरून घराबाहेर काढलं आणि मग दोघींनी मिळून डबा खाल्ला.

डब्यालाही तिथे कामाइतकाच मान. माइक फार कानाचा तिखट. म्हणून बांगड्या दारापाशी स्टीलच्या डब्यात काढून ठेवायच्या, खळीची साडी नेसायची नाही आणि रिकाम्या पोटी यायचं नाही. सासू शाप देत असताना पोट गुरगुरलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मालनबाई धपाटे आणायच्या, शर्वरी पोहे आणायची आणि शिवानी दोन्ही खायची.

शिवानी त्यांच्यातली धाकटी. जन्म, शाळा, सगळं हैदराबादेतलं. ती गर्दी होती. लग्नातली वऱ्हाडीण, दवाखान्यातली नर्स, 'अगंबाई, हे काय झालं' म्हणणारी शेजारीण, हे सगळं शिवानी. मराठी वाचताना अडखळायची, म्हणून शर्वरी तिला वाक्यं म्हणून दाखवायची आणि ती ऐकून ऐकून पाठ करायची.

मालनबाईंचीही एक युक्ती होती. पडद्यावरच्या सासूची तेलुगू वाक्यं लांबलचक. मराठी संपलं तरी तिचे ओठ हलतच राहायचे. तेवढी जागा भरायला मालनबाई शेवटी "कळलं का तुला?" जोडून द्यायच्या. पुढे ते अंगातच मुरलं.

असं सुखाने चाललेलं असताना मुंबईहून पुष्कर नावाचे नवे व्यवस्थापक आले. त्यांनी आठवडाभर कानांना हेडफोन लावून जुने भाग ऐकले आणि जाहीर केलं, "सुनेचा आवाज थकलेला वाटतो. तरुण आवाज हवा. उद्या चाचणी घेऊ. शर्वरी मॅडम, तुम्ही द्या. ही शिवानीही देईल. जी बरी वाटेल ती सून."

मालनबाईंच्या मनात आलं, शर्वरी गेली तर ती पुन्हा घरी भिंतींशी बोलणार. आणि आपण? आपण कुणाचा हात धरून भांडायचं? पण हे पुष्करना तोंडावर सांगायचं म्हणजे आवाज चढवावा लागणार, आणि तो तर त्यांच्याकडे स्वतःसाठी कधी नव्हताच. त्या "बरं" म्हणाल्या.

मग त्यांनी जन्मात केला नव्हता असा लबाडपणा केला. संध्याकाळी जिन्यात शिवानीला गाठलं.

"शिवाने, उद्या जरा वाईट करशील का गं?"

"हौ काकू," शिवानी म्हणाली. "मी बी तेच सोचून राहिले होते. ताईचं काम मला नक्को."

मालनबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या निर्धास्तपणे घरी जाऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी शिवानीने शब्द पाळला. 'आई, मला पदरात घ्या' हे वाक्य ती अशा सुरात म्हणाली, जणू कोथिंबीर मागतेय. काचेपलीकडे पुष्करनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यातून समोर सासू म्हणून उभ्या असलेल्या मालनबाईंचं 'चालती हो'ही, शर्वरीचा हात नाही म्हणून, पुन्हा चहावर आलेलं.

मग शर्वरी उभी राहिली. मालनबाईंनी हक्काने हात पुढे केला. आता ही रडेल आणि काचेपलीकडचेही रडतील, याची त्यांना खात्रीच होती. आणि शर्वरीने ते वाक्य म्हटलं, स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात तसं. सपाट. मालनबाईंनी हात दाबला. शर्वरीने उलट दाबला आणि मान खाली घातली.

"दोघीही नाही," पुष्कर पलीकडून म्हणाले. "मुंबईहूनच एक मुलगी बोलावतो." आणि त्यांनी फोन उचलला.

माइक चालूच होता, हे आत कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

"अगं, हे काय केलंस तू?" मालनबाई म्हणाल्या.

"काकू, ही पोर किती दिवस गर्दीत उभी राहणार?" शर्वरी पुटपुटली. "कधीतरी तिला मोठं काम मिळायला नको? म्हणून मीच..."

"तुम्ही बी?" शिवानी दारातून ओरडली. "मी तर तुमच्यासाठी वाट लावून घेतली ना ताई! काकूनीच सांगितलं होतं!"

"तू घे ते काम!"

"नक्को, तुम्हीच घ्या!"

मालनबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिल्या. दोन्ही पोरी रडवेल्या झालेल्या. आणि मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं, जे आजवर फक्त दुसऱ्या बाईच्या ओठांवर आलं होतं. त्या काचेकडे वळल्या.

"अहो पुष्करराव! फोन खाली ठेवा!"

फोन खाली पडला.

"चार वर्षं मी हिला घराबाहेर काढतेय! मध्यरात्री काढलं, मुसळधार पावसात काढलं, दिवस गेलेले असताना काढलं. मला जमलं नाही. तुम्ही काल येऊन काढणार होय? म्हणे आवाज थकला! चार वर्षं माझा सासुरवास सोसून बघा, तुमचा नाही थकत का ते! ही सून या घरातून जायची नाही. आणि ही दुसरी गर्दीत सडायची नाही. कळलं का तुम्हाला?"

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हेडफोन कानावरून हळूच काढले.

"मॅडम," पुष्कर म्हणाले, "हा राग मला मालिकेत हवा. परत येईल?"

"परत?" मालनबाईंचा आवाज पुन्हा मलकपेठेच्या रिक्षात बसला होता. त्यांनी हात वर करून दाखवला. एवढा वेळ शर्वरीचा हात त्यांच्या हातात होता. "ही असली तर येतो. दुसरी कुणी आणलीत, तर सर, मी तिला चहा विचारीन."

पुष्करनी तो चहा सकाळीच ऐकला होता. ते खुर्चीत बसले. "शर्वरी मॅडम, तेच वाक्य. या वेळी मनापासून."

शर्वरी आधीच रडत होती. एका दमात झालं.

पुष्करनी मग शिवानीकडे पाहिलं. "पुढच्या महिन्यात मालिकेत धाकटी सून येतेय. वाक्यं पाठ करून येशील?"

"तिलाही मीच बाहेर काढायचं?" मालनबाईंनी धास्तावून विचारलं.

"आठवड्यातून एकदा तरी, मॅडम."

मालनबाईंनी उजवा हात शर्वरीच्या हातात तसाच राहू दिला आणि डावा शिवानीपुढे केला.