छपरांचा पंचनामा

ती तक्रार आजही आठवते, कारण ती तक्रार नव्हतीच.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नाशिकला द्वारकेकडच्या एका ठाण्यात फौजदार होते. ठाण्यात बाई फौजदार हे तेव्हा नवल होतं. पुरुष आधी हवालदाराशी बोलत आणि नाइलाज झाला की माझ्याकडे वळत. बायका मात्र थेट माझ्या टेबलाशी येत.

एप्रिलमधल्या एका सकाळी हजेरी नुकतीच संपली होती. पन्नाशीच्या एक बाई आत आल्या आणि न सांगता समोरच्या बाकावर बसल्या.

"जयभीम बाई. मला तक्रार करायची नाय."

"मग ठाण्यात कशाला आलात?"

"पैसे परत पाहिजेत. पन पोराला हात लावायचा नाय."

आमचे हवालदार म्हणाले, "मावशी, हे पोलीस ठाणं आहे, पोस्ट ऑफिस नाही."

"तू गप रे. मी बाईंशी बोलते."

अख्खी कॉलनी त्यांना मावशीच म्हणत असे, म्हणून मीही तेच म्हणू लागले. 'पोरगा' म्हणजे त्यांच्या नांदगावच्या बहिणीचा मुलगा. शिकायला मावशींकडे आला, इथेच राहिला आणि पुढे एका विमा कंपनीचा एजंट झाला. मावशींच्या कॉलनीत त्याने घरोघर जाऊन घराचे विमे विकले. आग लागली, चोरी झाली तर भरपाई मिळेल आणि काहीच झालं नाही तर पाच वर्षांनी सगळे हप्ते बोनससह परत, असं त्याने सांगितलं. आयुर्विम्याचे पैसे मुदत संपल्यावर मिळतात, हे लोकांना ठाऊक होतं. विमा म्हणजे विमा, त्यात घराचा वेगळा तो काय? शिवाय त्याच्यामागे मावशी उभ्या होत्या.

पाच वर्षं झाली तशा बायका गंगापूर रोडच्या कचेरीत गेल्या. तिथला कारकून हसला. "घर जळलं का तुमचं? नाही ना? मग पैसे कसले मागता?"

"आता बायका काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हणत नायत. तेच तर. नळावर मी गेले की गप होतात. परवा कुरडया घालायच्या होत्या. इतकी वर्षं मास्तरीणबाईंच्या गच्चीवर घालते. तं त्या म्हणल्या, औंदा जागा नाय. चीक शिजवून तयार होता बाई. सगळा नासला."

इथे त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पैसे गेले म्हणून रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, ती लवकर सावरतात. चीक नासला म्हणून रडणाऱ्या माणसाचं जास्त काहीतरी गेलेलं असतं. मी पाणी मागवलं आणि अर्ज लिहून घेतला.

"ह्यात पोराचं नाव हाय का?"

"चौकशीत येईल ते येईल."

"मंग फाडा."

"फाडता येत नाही. नोंद झाली."

"तुम्ही पन सरकारीच," असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाचा स्वतःहून हजर झाला. मावशींनीच पाठवला होता, केसांना तेल लावून. खरं सांगायचं तर तो आला तेव्हा कलम चारशे वीस माझ्या डोक्यात तयार होतं. एजंट थापा मारतात, कमिशन घेतात, हे नवीन नव्हतं. मी सरळ विचारलं, "स्वतःच्या घराचा विमा काढलायस का?"

"हो. नांदगावला आईच्या घराचा. सगळ्यात पहिला तोच."

"हप्ते?"

"भरतोय ना. यंदा पैसे आले की आईच्या डोळ्याचं..." तो मध्येच थांबला. "म्हणजे बाई, ते पण गेले?"

लबाड माणूस पहिला गळ स्वतःच्या आईला टाकत नाही. मी पेन खाली ठेवलं आणि हवालदारांना चहा सांगितला. पैसे परत मिळतात हे त्याला त्याच्या विकास अधिकाऱ्याने, म्हणजे कंपनीत त्याच्या वर असलेल्या साहेबाने सांगितलं होतं. भाच्याने लोकांच्या सह्या कोऱ्या अर्जांवर घ्यायच्या आणि बाकीचा मजकूर साहेबाने भरायचा, अशी त्यांची पद्धत होती.

साहेबाला बोलावलं. सफारी, हातात कातडी बॅग. "मॅडम, मी असं काही बोललेलोच नाही. त्या पोराने लोकांना फसवलं. अटक करा त्याला, आमची कंपनी सहकार्य करील."

तोंडी बोलणं सिद्ध कसं करायचं? एका माणसाचा शब्द आणि दुसऱ्याचा शब्द, आणि दुसऱ्याच्या अंगात सफारी. आमचे ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, "पोरावर गुन्हा दाखल करा आणि मोकळ्या व्हा." मी चार दिवस मागून घेतले.

मग मी कॉलनीत गेले. ऊन तापलं होतं. मास्तरीणबाईंच्या गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे असे अंथरले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्यापुरतं त्या खोटं बोलल्या नव्हत्या. बायका काठ्या घेऊन कावळे हाकत होत्या. मी सहज विचारलं, "सगळ्यांचं वाळवण इथेच का?"

एक बाई हसली. "मग काय पत्र्यावर घालणार? पत्रा भाजतो, गंजाचे डाग पडतात. आणि वर चढायचं कुठून?"

मी कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं. साऱ्या कॉलनीत स्लॅबचं घर हे एकच. बाकी सगळे पत्रे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर धोंडे ठेवलेले. खाली उतरून घरोघरच्या पॉलिस्या मागितल्या. प्रत्येकीवर घराचं वर्णन एकच होतं: पक्कं बांधकाम, काँक्रीटचा स्लॅब.

लगेच दोन पंच बोलावले आणि छपरांचा पंचनामा केला. हवालदार शिडीवर चढून एकेक पत्रा सांगत होते, मी लिहीत होते. "बाई, नोकरीत प्रेतांचे पंचनामे केले, दारूचे केले. छपराचा हा पहिलाच." खालून मावशी ओरडल्या, "धोंडा हलवू नको, पावसाळ्यात पत्रा उडंल माझा." त्यांच्याशी न बोलणाऱ्या दोघीजणी तोंडाला पदर लावून हसल्या. ते मी टिपून ठेवलं, पंचनाम्यात नव्हे.

साहेबाला पुन्हा बोलावलं. "विमा देण्याआधी घरं पाहिलीत?"

"प्रत्येक घर. नियमच आहे तो."

"मावशींचं?"

"पाहिलं ना. चहासुद्धा घेतला."

"गच्चीवर जायचा जिना कुठून आहे?"

त्याने जराही न अडखळता सांगितलं, "मागच्या बाजूने."

मी पंचनामा त्याच्यापुढे सरकवला. पत्र्याच्या घराला जिना नसतो. त्याने वाचलं, बॅग उगाच उघडली आणि बंद केली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वरून पॉलिस्यांचा आकडा पुरा करायचा तगादा होता. तो एकदाच कॉलनीत आला, मास्तरीणबाईंच्या घरी चहा प्याला, आणि त्या एका घराचं वर्णन सगळ्या घरांना लावून मोकळा झाला. पैसे परत मिळतील हेही त्यानेच भाच्याला पढवलं होतं.

जबाब घेऊन मी शाखा व्यवस्थापकांकडे गेले. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "पाच वर्षं आम्ही जोखीम घेतली. हप्ते परत कसे देणार?"

"यातलं एखादं घर जळलं असतं आणि तुमच्या माणसाला स्लॅबऐवजी पत्रा दिसला असता, तर भरपाई दिली असती?"

"चुकीची माहिती असेल तर दावा नामंजूर होतो."

"मग जोखीम कुठल्या घरांची घेतलीत? ही घरं तर नाशकात नाहीतच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "विभागीय कार्यालयाला लिहा," ते म्हणाले. "मी शिफारस करतो."

सरकारी काम सरकारी चालीनेच झालं. मी आमच्या वरिष्ठांकडे आणि त्यांच्या विभागीय कार्यालयाकडे अहवाल पाठवले, स्मरणपत्रं पाठवली. साहेब निलंबित झाला. पुढच्या वर्षी होळी झाल्यावर सगळ्यांचे चेक आले, नांदगावच्या आईचाही. मास्तरीणबाईंचा स्लॅब खरा होता, पण वचन त्यांनाही खोटंच दिलेलं, म्हणून त्यांचाही आला. बोनस नव्हता, पण भरलेलं सगळं होतं. कंपनी ते टपालाने पाठवणार होती. मी म्हटलं, नको. ज्याने दारोदार जाऊन सह्या घेतल्या, त्यानेच दारोदार जाऊन द्यावेत.

भाचा गेला. बरोबर हवालदार होते, त्यांनीच मला सांगितलं. शेवटचं घर मास्तरीणबाईंचं. त्यांनी चेक उलटसुलट पाहिला, ओच्यात ठेवला आणि म्हणाल्या, "मावशीला सांग, चीक कधी शिजवणार ते आधी कळव. जागा धरून ठेवते."

पोराने पुढे विम्याचं काम सोडलं आणि सातपूरला कारखान्यात लागला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. मावशींची अट पाळली गेली, पण ती त्यांच्यासाठी नव्हे. गुन्हा त्याचा नव्हता, इतकंच.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कागदावरचं घर वाचून झालं की खरं घर बघायला जायचं, आणि तिथल्या बायका वाळवण कुठे घालतात ते विचारायचं. कोणाचं कोणाशी पटतं, कोणाचं बिनसलंय, कोणाकडे काय आहे आणि काय नाही, हे सगळं तिथे उन्हात पसरलेलं असतं.

चेक आले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मावशी पुन्हा ठाण्यात आल्या. हातात डबा होता.

"जयभीम बाई. आज मात्र तक्रार करायची हाय."

"कोणाविरुद्ध?"

"मास्तरीणबाई. औंदा मला कठड्याजवळची जागा दिली. तिथं कावळे लय येतात."

हवालदारांनी गंभीर चेहऱ्याने स्टेशन डायरी पुढे ओढली. "कावळ्यांचं वर्णन सांगा, मावशी."

"तू गप रे," मावशी म्हणाल्या आणि डबा माझ्या टेबलावर ठेवला.