माळावरचं वऱ्हाड

माळावर पोचलं की मामा आधी चपला काढायचे आणि माझ्या बुटांकडे बघत उभे राहायचे. "मानसं बसल्यात, भाऊसाहेब," एवढंच म्हणायचे. माझ्या नाड्या सुटेपर्यंत स्वतःही पाऊल पुढे टाकायचे नाहीत.

मी वडवणीजवळच्या एका गावात तलाठी होतो आणि मामा तिथले कोतवाल. बसलेली माणसं म्हणजे गोलात रोवलेले, कमरेएवढे काळे दगड. तुम्हीही कुठल्या माळावर असे दगड पाहिले असतील आणि गुराख्यांनी मांडले असतील म्हणून पुढे गेला असाल. मामा नसते तर मीही गेलो असतो.

गोष्ट त्यांनीच सांगितली. नवरी घेऊन निघालेलं वऱ्हाड या माळावर टेकलं होतं. तेवढ्यात सांगावा आला, नवरदेव नदीच्या पुरात गेला. पुढं जावं का माघारी फिरावं, कुणालाच कळेना. बसले ते बसलेच. त्यातला सगळ्यांत बुटका दगड नवरीचा. गावातली प्रत्येक मुलगी सासरी निघाली की इथे थांबायची, त्या दगडाला हळदीकुंकू लावायची आणि मगच गाडीत बसायची.

एकदा एक प्राध्यापक आले. ही फार जुन्या काळची थडगी आहेत, गोलाच्या आत माणसं पुरलेली असणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजी मानसंच की." प्राध्यापक हसले. मामा हसले नाहीत.

पुढे रस्त्याच्या कामाला मुरूम हवा होता आणि नेमका तोच माळ ठरला. पंचनामा मी लिहिला. झाड नाही, विहीर नाही, बांधकाम नाही. मामा खांद्यावरून वाकून बघत होते.

"वऱ्हाड लिवा की," ते म्हणाले.

मी वरच्या साहेबांना फोन लावला. दगड तर सगळ्याच माळांवर असतात, असं ते म्हणाले. मी वेगळा अर्ज केला, त्याचं उत्तर आलं नाही. पंचनामा होता तसाच गेला.

जेसीबी आला त्या सकाळी बंदोबस्ताला मामांचीच नेमणूक होती. नोकरीच ती. त्यांनी चालकाला थांबायला लावलं, एकेका दगडापाशी गेले आणि हात टेकवून हळूच म्हणाले, "उठा, निगायचंय." चालकही बिचारा दर वेळी इंजिन धीमं करून वाट बघायचा. नवरीच्या दगडापाशी मामा बराच वेळ उकिडवे बसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग उठून बाजूला झाले आणि हातानंच खूण केली.

त्यानंतरही ते कामाला कधी चुकले नाहीत. फक्त पलीकडच्या वस्तीवर नोटीस द्यायची असली की माळ टाळून लांबच्या वाटेनं जायचे.

दोन वर्षांनी त्यांना बीडच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. गेलो. बोलताना त्यांना धाप लागत होती. न राहवून मी म्हणालो, मामा, मी लिहायला पाहिजे होतं.

"लिवलं असतं तरी नेलंच असतं," ते म्हणाले. "तुमी तरी काय करनार व्हता?"

मला धीर द्यायलाच म्हणाले ते. मला मात्र तिथं बसवेना. जिना उतरून स्टँडपर्यंत चालत आलो तेव्हा लक्षात आलं, त्यांच्यासाठी घेतलेल्या मोसंब्यांची पिशवी माझ्याच हातात राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन परत गेलो, तर खाटेवर धुतलेली चादर अंथरणं चाललं होतं.