चहाचं गाणं

"आता बोल वो बाई, हे गाणं कच्चं आहे."

नव्याण्णव साली, दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे वाक्य माझ्या कानावर पडलं. गोंदियात मी नवी होते. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला अमरावतीहून आले होते आणि रेलटोलीत टेंभऱ्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. तोवर बोलणं झालं होतं ते फक्त घरमालकीणबाईंशी, फुलवंताकाकूंशी. त्या दिवशी टाकीत पाणी चढलं नव्हतं, म्हणून मी खाली उतरले. बैठकीचं दार उघडं होतं. आत पाच-सहा मोठी माणसं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होती आणि दोन भल्यामोठ्या स्पीकरमधून इंग्रजी गिटारींचा गडगडाट चालला होता. मी "काका, मोटर" एवढंच म्हणाले. कोपऱ्यातल्या खुर्चीतल्या उंच, सडपातळ गृहस्थांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मी दारातच थांबले. ते गाणं संपलं, दुसरं झालं. तिसरं सुरू होताच हात खाली आला, सगळे एकदम बोलू लागले, आणि चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या काकू मला ते वाक्य म्हणाल्या.

मी पाण्याचं सांगितलं. ते गृहस्थ उठले, मोटर लावून आले, आणि म्हणाले, "पुढचं गाणं ऐकून जा. चांगलं आहे."

श्री. हेमराजजी टेंभरे यांची आणि माझी ओळख अशी झाली. काका आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या रेल्वेतल्या सिग्नलच्या नोकरीविषयी, त्यांनी स्वतः जुळवलेल्या अॅम्प्लिफायरविषयी, त्यांनी नोकरीला लावलेल्या मुलांविषयी इतर जाणकार लिहितीलच. मी मात्र कच्च्या गाण्यांविषयी लिहिणार आहे. माझा आणि त्यांचा ऋणानुबंध त्या गाण्यांवरच उभा आहे.

ज्यांनी त्यांच्याकडची रविवारची बैठक पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. काकांना रॉक संगीताचं वेड लागलं ते बिलासपूरला, एका गार्डसाहेबांच्या घरी. पुढे आयुष्यभर त्यांनी रेकॉर्डी आणि कॅसेटी जमवल्या. गोंदियात घर झाल्यावर दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजायचा. मधलं गाणं वगळायचं नाही आणि ऐकताना बोलायचं नाही, हे दोन नियम. पण काकांचं ठाम मत होतं की कितीही थोर अल्बम असो, त्यात एखादं गाणं कच्चं निघतंच. कंपनीला खूश करायला घातलेलं, ढोलवाल्याचं मन राखायला त्याला गायला दिलेलं, नाहीतर नुसतीच जागा भरायला केलेलं. अशा गाण्यावर ते फार चिडायचे. म्हणायचे, "घासभर भातात एकच खडा असते. पण दात त्याच्यानंच तुटते ना?"

तर ते गाणं सुरू झालं की नियम सुटायचा. बोलायला परवानगी आणि चहा. आमच्यात त्याला नावच पडलं होतं, चहाचं गाणं.

कोणतं गाणं चहाचं, यावरून भांडणं व्हायची. राईस मिलवाले मोहनलालजी नेहमी काकांच्या विरुद्ध मत द्यायचे. एकदा एका गाण्यावर इतके वैतागले की म्हणाले, "पटरी से उतरा हुआ गाना है, टेंभरेजी. ये तो चाय के भी लायक नहीं, इसमें पानी पिलाओ." नागझिऱ्याचे वनरक्षक मडावी सुट्टीच्या रविवारी बसने यायचे. एका अल्बममध्ये ढोलवाला एकटाच बराच वेळ बडवत राहिला, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "साहेब, बाकीचे जेवायले गेले का?" काका हसले नाहीत. त्यांनी काकूंना हाक मारली, "चहा टाक वो. मडावीचं बरोबर आहे."

मला इंग्रजी शब्द धड कळायचे नाहीत आणि त्या गिटारींचं सुरुवातीला डोकंच दुखायचं. तरी मी दर रविवारी जायची. परक्या गावात रविवार फार लांब असतो. धुणं वाळत घातलं की पुढे काय करायचं, हे कळत नाही. खाली गेलं की निदान काही वेळ सगळ्यांबरोबर गप्प बसता यायचं, आणि मग पाच मिनिटं सगळ्यांबरोबर बोलता यायचं. ती पाच मिनिटं मला आठवडाभर पुरत.

मी एकदा काकांना विचारलं होतं, की एवढा राग आहे तर ते गाणं पुढे का सरकवत नाही? माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्यांच्याकडे निवडक गाण्यांची एक कॅसेट भरून मागितली होती आणि काकांनी त्याला साफ नकार दिला होता. त्यावरून विषय निघाला. ते म्हणाले, "गाडीचा एक डबा खराब आहे म्हणून मधातच सोडून देता येते का, बेटा? त्या डब्यातही माणसं बसून राहतात."

दुसरं कारण त्यांनी बऱ्याच दिवसांनी, आम्ही सगळे नवेगाव बांधला सहलीला गेलो होतो तेव्हा सांगितलं. तळ्याच्या काठावर काकू डबे उघडत होत्या. काका तरुणपणी जंगलातल्या एका लहान स्टेशनावर एकटेच राहिले होते. काकू तेव्हा गावी, सासूच्या आजारपणात अडकलेल्या. सोबतीला एक टेपरेकॉर्डर. "चांगल्या गाण्यात माणूस एकटा नसते," ते म्हणाले. "कच्चं गाणं आलं की लक्ष उडते. मंग दिसते, की समोरची खुर्ची रिकामी आहे. तेव्हाच ठरवलं, आपलं घर झालं की कच्च्या गाण्यात माणसं पाहिजेत."

मी हे कधी विसरले नाही. आपल्या एकटेपणाचा नेमका क्षण ओळखून त्या जागी दुसऱ्यांसाठी चहा ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काकूंचा या सगळ्यातला वाटा लोकांना फारसा ठाऊक नाही. चांगली गाणी वाजत असताना त्या स्वयंपाकघरात असत, वरण-भाताच्या नादात. ट्रे घेऊन बाहेर येत त्या कच्च्या गाण्यालाच. त्यामुळे त्यांना पाठ झाली होती ती सगळी कच्ची गाणी. तांदूळ निवडताना त्या त्यांच्या चाली गुणगुणायच्या. शब्दांच्या जागी नुसतं "ला ला" आणि मध्येच आपल्या पोवारी बोलीतले शब्द. काका चिडवायचे, "अख्ख्या गोंदियात कच्च्या गाण्याची एवढी मोठी गायिका दुसरी नाही."

काकू सुपातली नजर न काढता म्हणायच्या, "पक्के तुमचे, कच्चे माझे. वाटणी झाली ना? मंग कायले बोलता?"

आता एक माझी गोष्ट सांगते. सांगू की नको असं बराच वेळ वाटत होतं. मधल्या काळात माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले, आणि दोन वर्षांच्या आत एकटीच परत आले. माझी जुनी खोली रिकामी होती. ती रिकामी होती की ठेवली होती, हे मी विचारलं नाही. परतल्यावरच्या पहिल्या रविवारी खाली जायचं धाडस होत नव्हतं. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "उतर खाली, चिवडा केला आहे." मी जाऊन कोपऱ्यात बसले. चांगली गाणी होईपर्यंत ठीक होतं, कुणी बोलू शकत नव्हतं. पण मला चहाच्या गाण्याची भीती वाटत होती. ते आलं. मोहनलालजी मनाने वाईट नाहीत, पण त्यांनी कप उचलता उचलताच विचारलं, "क्यों मॅडम, जमाई बाबू नहीं आए?"

काका उठले. अॅम्प्लिफायरपाशी गेले आणि त्यांनी आवाज वाढवला. इतका, की खिडकीच्या काचा थरथरल्या. ते गाणं खरोखर भिकार होतं. मोहनलालजी ओरडले, "अरे टेंभरेजी, ये तो चाय का गाना है!" काकांनी हात वर केला. तोच पहिल्या दिवशीचा हात. सगळे गप्प झाले. त्या दिवशी चहाचं गाणं आम्ही शेवटच्या ठोक्यापर्यंत मुकाट्याने ऐकलं. काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझा कप बशीने झाकून ठेवला, निवू नये म्हणून.

मला अजूनही ते गाणं कुठे ऐकू आलं की रडू येतं. संगीत कळणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटेल.

काही वर्षांपूर्वी फुलवंताकाकू गेल्या. आजारपण फार लांबलं नाही. त्यानंतर दोन-तीन रविवार बैठक भरली. चहा मी करत होते, पण माझ्या चहाची आणि गाण्याची वेळ जमेना. कधी चहा आधीच व्हायचा, कधी चांगलं गाणं सुरू झाल्यावर कप वाजायचे. मग मोहनलालजी रायपूरला मुलाकडे गेले. मडावींची बदली झाली. बाकीच्यांकडे मोबाइल आले, त्यात सगळीच गाणी होती. मीही तिरोड्याला कॉलेज बदलून गेले. बैठक बंद झाल्याचं कुणी जाहीर केलं नाही. एका रविवारी कुणीच गेलं नसावं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात मी काकांकडे गेले होते. घर लख्ख होतं. काकांनी या वयात संगणक शिकून घेतला आहे आणि सगळा संग्रह त्यात उतरवला आहे, हे मोठ्या हौसेने दाखवलं. मग म्हणाले, "बस. अल्बम ऐक." अल्बम माझ्या ओळखीचा होता. एकामागून एक गाणी येत गेली, सगळी उत्तम. मी मनात चहाच्या गाण्याची वाट बघत होते. ते आलंच नाही. त्याच्या पुढचं गाणं सुरू झालं.

मी विचारलं, "काका, मधलं गाणं?"

"काढलं. सगळ्याच अल्बममधले काढले," ते म्हणाले. "आता एकही खडा नाही."

"कायले काढले?" माझ्या तोंडून काकूंसारखंच निघालं.

त्यांनी स्पीकरकडे बघितलं. "बोलायले कोण आहे?"

अल्बम संपला. मी निघाले. तिरोड्याच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, त्या एवढ्या वेळात मी काकांना कसे आहात, जेवता काय, गुडघा दुखतो का, यातलं काहीच विचारलं नव्हतं. विचारायला जागाच नव्हती. सगळी गाणी इतकी चांगली होती.

निघताना मी एक पाहिलं होतं. जुन्या कॅसेटी काकांनी टाकलेल्या नाहीत. त्या काकूंच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या खणात ओळीने लावलेल्या आहेत. अॅम्प्लिफायरवर धूळ नाही.

टेंभरेकाकांना उदंड आयुष्य लाभो, असं सगळेच म्हणतील आणि मीही म्हणते. त्यांचे कान असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे त्यांना जिना चढू देवोत, आणि येणारी वर्षं नुसती निरोगी नाही तर थोडी गजबजलेली असोत. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही, म्हणून या ग्रंथातून सगळ्यांसमोर त्यांना एक मागते.

काका, सत्काराचा सोहळा शनिवारी आहे. रायपूरहून मोहनलालजी येणार आहेत, मडावीही येतो म्हणाले आहेत. दुसऱ्या दिवशी रविवार आहे. त्या सकाळी काकूंच्या कपाटातली एखादी कॅसेट काढा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत लावा. मधलं गाणं असू द्या. डबा मधातच सोडून देता येत नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. चहा मी करीन. वेळ चुकेल, त्याबद्दल रागवू नका. तुम्ही नाही म्हणाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. "कच्चं गाणं कायले ऐकाचं?" म्हणाल आणि संगणकापाशी जाऊन बसाल. तरी मागते. एकदाच ते गाणं लावा, काका. मला तुमच्याशी बोलायचं आहे.